थेट जनतेतून की सभागृहातून?

विठ्ठलवाडीच्या आसपास दोन महापालिकांच्या हद्दी एकमेकींना भिडतात, कल्याण-डोंबिवलीची आणि उल्हासनगरची. या दोन्ही हद्दींतला मतदार आपल्या प्रभागातले नगरसेवक निवडतो. महापौर कोण व्हावा हे मात्र त्याला कुणी विचारत नाही, ते नगरसेवक ठरवतात. तिथून बदलापूर लोकलमध्ये बसा. उल्हासनगर मागे पडून अंबरनाथ आले की नियम बदलतो. अंबरनाथचा आणि पुढच्या बदलापूरचा मतदार नगरसेवकांबरोबर नगराध्यक्षही स्वतःच निवडतो. एकाच रेल्वेमार्गावर, लागोपाठच्या स्टेशनांवर, शहराचा प्रथम नागरिक निवडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती चालू आहेत.

यांपैकी कोणती बरी हा वाद जुना आहे. तो अगदी उघडा पडलेला पाहायचा तर पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटदेशांकडे जावे लागते. हे देश नकाशावर लांब असले तरी त्यांचे आकारमान आपल्या परिचयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. किरिबाटी या देशाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, पलाऊची अठरा हजारांच्या आणि नाउरूची बारा हजारांच्या. नाउरू हा सबंध देश २१ चौरस किलोमीटरचा. आपल्या उल्हासनगरात त्याहून कमी जागेत २०११ मध्येच पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. नगरपरिषदेला परराष्ट्र खाते नसते, हा फरक अर्थातच मोठा आहे. पण सभागृह लहान, सगळे सदस्य एकमेकांना ओळखणारे, आणि दोघांतिघांनी बाजू बदलली की सारे चित्र पालटणार, ही परिस्थिती दोन्हीकडे सारखीच. म्हणून तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतून इथल्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीबद्दल बरेच शिकता येते.

आधी अंबरनाथ. राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ हा मतदानाचा दिवस ठरला होता. काही ठिकाणी उमेदवारी अर्जांबाबतची अपिले न्यायालयात असल्याने मतदान पुढे गेले आणि अंबरनाथकरांनी २० डिसेंबरला मत दिले. सगळीकडची मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. नगराध्यक्षपदी भाजपच्या तेजश्री करंजुले पाटील निवडून आल्या. त्यांनी शिवसेनेच्या (शिंदे) मनीषा वाळेकर यांचा पराभव केला. त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर नगरसेवक निवडले ते मात्र असे: शिवसेना २७, भाजप १४, काँग्रेस १२, राष्ट्रवादी (अजित पवार) ४, अपक्ष २. एकूण ५९. म्हणजे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष दुसरा. त्या सर्वांत मोठ्या पक्षालाही बहुमताचे ३० गाठायला तीन कमी.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत जे घडले त्याने अंबरनाथचे नाव देशभरच्या बातम्यांत गेले. भाजप, काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांच्या नगरसेवकांनी मिळून ‘अंबरनाथ विकास आघाडी’ उभी केली. राज्यात आणि देशात एकमेकांविरुद्ध लढणारे दोन पक्ष एका गटात बसले, तेही राज्याच्या सत्तेत भाजपबरोबर असलेल्या पक्षाला बाजूला ठेवून. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशी युती मान्य नसल्याचे सांगितले. काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केले, आणि ते बाराही जण भाजपमध्ये गेले. पुढे राष्ट्रवादीच्या चौघांनी शिवसेनेची साथ धरली आणि उपनगराध्यक्षपद राष्ट्रवादीच्या सदाशिव पाटील यांच्याकडे गेले. ज्या मतदाराने हाताच्या निशाणीवर बोट दाबले होते, त्याचा नगरसेवक महिना उलटायच्या आत कमळाच्या गटात होता.

यात कोण बरोबर, कोण चूक, हा या लेखाचा विषय नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो नियम. कारण असा पेच पडणार हे त्या नियमातच लिहिलेले होते.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत मतदार दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. प्रभागात बहुधा दोन नगरसेवक असतात, म्हणून तिथे दोन मते, आणि नगराध्यक्षासाठी तिसरे. नगरसेवक निवडताना गटार, पाणी, गल्लीतला दिवा, अडीनडीला धावून येणारा माणूस हे सारे डोळ्यांपुढे असते. नगराध्यक्ष निवडताना सबंध शहराचा चेहरा, पक्ष, राज्यातली सत्ता यांचा विचार होतो. दोन प्रश्न वेगळे असतील तर उत्तरेही वेगळी येणारच, आणि त्यात मतदाराचे काहीच चुकत नाही. अडचण पुढे येते. ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यानुसार नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, स्थायी समितीचा तो पदसिद्ध सभापती असतो, आणि समसमान मते पडली तर निर्णायक मत त्याचे. पण अर्थसंकल्प, करांचे दर, मोठ्या कामांची मंजुरी हे सगळे सभेच्या बहुमताने ठरते. ठरावांची अंमलबजावणी करणारा मुख्याधिकारी असतो राज्य शासनाचा. म्हणजे लोकांनी थेट निवडलेल्या नगराध्यक्षाच्या हाती मान मोठा येतो, पण सभागृहात बहुमत नसेल तर रस्त्याचा साधा प्रस्तावही त्याला इतरांच्या भरवशावर पुढे रेटावा लागतो. विरोधात बसलेले बहुमतही तितकेच अडकलेले. नगराध्यक्ष जनतेने निवडलेला, त्याला हटवणे सोपे नसते.

बदलापुरात हेच जरा सौम्य रूपात दिसते. तिथे नगराध्यक्षपदी भाजपच्या रुचिता घोरपडे निवडून आल्या. ४९ नगरसेवकांत भाजप २३, शिवसेना २३, राष्ट्रवादी ३. राष्ट्रवादी भाजपबरोबर असल्यामुळे गाडे रुळांवर आहे. पण हे गणित तिघांवर उभे आहे.

थेट निवडीचा नियम महाराष्ट्रात काही पहिल्यांदा आलेला नाही. सत्तरच्या दशकातही तो एकदा वापरून झाला होता. २००१ मध्ये विलासराव देशमुख यांच्या सरकारने तो पुन्हा आणला, २००६ मध्ये तो गेला. २०१६ मध्ये फडणवीस सरकारने आणला, २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने काढला, २०२२ च्या जुलैमध्ये शिंदे सरकारने परत आणला. अंबरनाथ-बदलापूरच्या बाबतीत तर याहून विचित्र प्रकार झाला. या दोन्ही शहरांची आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मधली, म्हणजे नगरसेवकांनी नगराध्यक्ष निवडण्याच्या काळातली. ती मुदत २०२० मध्ये संपली. मग आधी करोना आणि नंतर ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद यांमुळे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिला. मधल्या काळात २०१६ चा नियम आला आणि गेला, या शहरांतल्या एकाही मतदाराला त्याचा स्पर्श न होता.

प्रत्येक वेळी दिलेली कारणे खोटी नव्हती. सभागृहातून नगराध्यक्ष निवडायचा म्हटले की नगरसेवकांची पळवापळवी, सहलीच्या नावाखाली त्यांना बाहेरगावी नेऊन ठेवणे, अडीच वर्षांनी पद वाटून घेणे हे सगळे येते. थेट निवड झाली की ते थांबते, किमान त्या एका पदापुरते. उलट बाजूचे म्हणणेही खरे. २०१६-१७ च्या निवडणुकांनंतर कित्येक गावांत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे अशी स्थिती आली, सभा तहकूब होत राहिल्या, आणि नियम बदलण्याची मागणी त्यातूनच पुढे आली. माझा आक्षेप दोन्ही पद्धतींवर नाही, त्यांच्या अदलाबदलीवर आहे. नगराध्यक्ष कसा निवडायचा हे राज्यात कोण सत्तेवर आहे यावर ठरू लागले, की पद्धत लोकांची न राहता त्या त्या वेळच्या सत्तेची होते. मतदाराला एखाद्या नियमाची सवय व्हायला, त्याचे गुणदोष ओळखायला दोन-तीन निवडणुका तरी लागतात. तेवढी सलग संधी थेट निवडीला या राज्यात मिळालेली नाही.

आता पुन्हा उल्हासनगर. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे शहर झाले, पुढे नगरपालिका आली आणि १९९६ मध्ये महापालिका. महापालिका झाल्यावर कायदा बदलला. तिथे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि महापौर नगरसेवकांतून, अडीच वर्षांसाठी. सभागृह ७८ जणांचे, बहुमत ४० वर. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला हा आकडा गाठता आला नाही. त्याआधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१७ मध्ये लोकांनी नगरसेवक निवडले तेव्हा भाजपकडे, ओमी कलानी यांच्या गटाच्या साथीने, सत्ता आली. त्याच नगरसेवकांच्या त्याच सभागृहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेनेच्या लीलाबाई आशान यांना महापौर केले, कारण मधल्या काळात काहींनी बाजू बदलली होती. शहरात एकही मत नव्याने पडले नव्हते, तरी सत्ता बदलली. सभागृहातून निवड करण्याच्या पद्धतीत हे वैध आहे. ते कुणाला योग्य वाटेल, कुणाला अन्याय्य. पण मतदार त्यात कुठेच नसतो, एवढे खरे.

नाउरूने हीच पद्धत देशासाठी वापरली आहे. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हापासून तिथला राष्ट्राध्यक्ष संसद आपल्यातून निवडते. पक्ष असून नसल्यासारखे, जवळजवळ प्रत्येक जण अपक्ष. संसदेत १८ सदस्य होते आणि त्यातला एक सभापती व्हायचा. २०१० च्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली, आणि सभागृह नऊ विरुद्ध नऊ असे चिरले. सभापती द्यायला कोणताच गट तयार होईना, कारण जो सभापती देईल त्याचे एक मत कमी होणार. जूनमध्ये पुन्हा निवडणूक घेतली. पुन्हा नऊ-नऊ. राष्ट्राध्यक्ष मार्कस स्टीफन यांनी आणीबाणी जाहीर करून काळजीवाहू म्हणून कारभार रेटला. अखेर नोव्हेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष लुडविग स्कॉटी सभापती व्हायला तयार झाले, आणि स्टीफन पुन्हा निवडून आले. बारा हजारांच्या देशाचा अर्ध्या वर्षाहून अधिक काळ एका खुर्चीपायी गेला. पुढच्या, २०१३ च्या निवडणुकीपासून संसद १९ जणांची केली, म्हणजे सभापती बाजूला काढूनही आकडे निदान आधीच्या मार्गाने अडू नयेत.

मार्शल बेटांवर सदस्य ३३, त्यामुळे बरोबरी टळते, पण काठावरचे बहुमत टळत नाही. २०१६ च्या जानेवारीत कास्टेन नेमरा १७ विरुद्ध १६ मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. दोन आठवड्यांत अविश्वास ठराव येऊन ते गेले आणि हिल्डा हाइन आल्या. पॅसिफिकमधल्या स्वतंत्र बेटदेशांतल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. २०२४ च्या जानेवारीत त्या पुन्हा निवडून आल्या, १७ विरुद्ध १६. एका माणसाच्या मनावर देशाचे नेतृत्व ठरते, तेव्हा त्या एका माणसाकडे किती जण कोणकोणते शब्द घेऊन जात असतील याची कल्पना उल्हासनगरकराला सांगावी लागणार नाही.

पलाऊने उलटी वाट धरली. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरांगेल व्हिप्स (धाकटे) यांनी माजी राष्ट्राध्यक्ष टॉमी रेमेंगेसाऊ यांना हरवले. दोघे एकमेकांचे मेहुणे. एवढ्या छोट्या समाजात नातेवाईक समोरासमोर उभे राहणे अटळ असते, आणि तसे असूनही निवडणूक शांततेत पार पडते, ही मला कौतुकाची गोष्ट वाटते.

या सगळ्यांत सर्वांत विचारपूर्वक बांधलेली पद्धत किरिबाटीची. तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. १२ जुलै १९७९ ला हा देश स्वतंत्र झाला. तेहतीस बेटे, जमीन जेमतेम आठशे चौरस किलोमीटर, पण ती विखुरली आहे लाखो चौरस किलोमीटर समुद्रावर. संसदेचे नाव मनेआबा, म्हणजे गावातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बोलायच्या मोठ्या छपराच्या जागेवरून घेतलेले. सार्वत्रिक निवडणूक झाली की ही मनेआबा आपल्या सदस्यांतून तीन किंवा चार उमेदवार ठरवते. मग हे उमेदवार देशापुढे जातात, आणि त्यांतला कोण राष्ट्राध्यक्ष हे मतदार ठरवतात. सभागृहाला काही वजन नसलेला माणूस उमेदवारच होऊ शकत नाही, आणि सभागृह परस्पर कुणाला लादूही शकत नाही. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष संसदेचा सदस्य राहतो, त्यामुळे रोजच्या कामात त्याला सभागृहाला तोंड द्यावेच लागते. तीनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही.

पण या घटनेतले सर्वांत शहाणे कलम वेगळेच आहे. राष्ट्राध्यक्षावर अविश्वास ठराव मंजूर झाला तर राष्ट्राध्यक्ष जातो, आणि त्याबरोबर संसदही जाते. दोघांनी पुन्हा लोकांपुढे उभे राहायचे. मधल्या काळात सभापती, सरन्यायाधीश आणि लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष या तिघांची परिषद कारभार पाहते. हे कलम कागदावरच राहिलेले नाही. १९९४ मध्ये तेआताओ तेआन्नाकी यांचे सरकार असेच गेले. २००३ मध्ये तर तेबुरोरो टिटो फेब्रुवारीत निवडून आले आणि मार्चमध्ये अविश्वास ठरावाने पडले. काही महिन्यांपूर्वीच निवडून आलेल्या खासदारांनाही पुन्हा मते मागत फिरावे लागले, बेटाबेटांवर होडीने आणि छोट्या विमानांनी. नव्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोन सख्खे भाऊ समोरासमोर आले, अनोटे टाँग आणि हॅरी टाँग. अनोटे जिंकले, आणि पुढे २०१६ पर्यंत तीन मुदती त्यांनी देश चालवला. समुद्राची पातळी वाढून आपली बेटे बुडतील हे जगाला सांगत फिरलेले नेते म्हणून त्यांचे नाव झाले.

ही पद्धत निर्दोष नाही, हेही सांगायला हवे. उमेदवार ठरवण्याचा अधिकार सभागृहातल्या बहुमताला मिळतो, आणि बहुमत तो स्वतःच्या सोयीने वापरू शकते. २००७ मध्ये सत्ताधारी गटाने हॅरी टाँग यांच्यासह विरोधी बाजूच्या इच्छुकांना यादीत येऊच दिले नाही. मतदारांपुढे नावे आली, पण खरी निवड उरली नव्हती. दोष त्यात आहे, आणि तो उघड आहे. तरीही १९७९ पासून नियम तोच आहे. सरकारे पडली, नवी आली, कुणीही आपल्या सोयीसाठी राष्ट्राध्यक्ष निवडण्याची रीत उलटवली नाही.

आपल्या नगरपरिषदांना किरिबाटीची घटना जशीच्या तशी लावता येणार नाही. महापालिका आणि नगरपरिषदा राज्याच्या कायद्याने जन्मतात, त्यांना पक्षांतरबंदीचा १९८६ चा कायदा लागू आहे, निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि दर काही महिन्यांनी निवडणूक घेण्याचा खर्च अंबरनाथसारख्या शहराला परवडणारा नाही. उमेदवारांची यादी नगरसेवकांनी ठरवावी हेही मी सुचवणार नाही, २००७ चे उदाहरण समोर आहे. पण एकत्र जाण्याचे कलम घेण्यासारखे आहे. समजा, थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला काढायला नगरसेवकांचे तीन-चतुर्थांश बहुमत लागेल, आणि ठराव मंजूर झाला तर नगराध्यक्षासह सर्व ५९ नगरसेवकांची मुदत संपेल, असा नियम असता. मग जानेवारी २०२६ मध्ये अंबरनाथमधल्या प्रत्येक गटाला एक वेगळा विचार करावा लागला असता. समोरच्याला अडवून धरायचे तर आपणही आपल्या प्रभागात परत मते मागायला जायची तयारी हवी. ज्याला ती तयारी नसेल तो तडजोडीला बसेल. आणि तडजोड झाली नाही तर निर्णय कुणाच्या घरी किंवा हॉटेलात न होता मतदान केंद्रावर होईल. खर्च आवरायला अशी संधी पाच वर्षांत एकदाच, आणि पहिली दोन वर्षे सोडून, एवढी मर्यादा घालता येईल.

गट बदलण्याबाबतही काही करता येईल. आज एखाद्या पक्षाचे सगळेच्या सगळे नगरसेवक दुसऱ्या पक्षात गेले तर त्यांना हात लावणे अवघड आहे, कारण मागे कुणी उरतच नाही. ज्या चिन्हावर निवडून आले ते चिन्ह मुदतीच्या पहिल्या वर्षात सोडले तर जागा रिकामी होईल आणि पोटनिवडणूक होईल, एवढी छोटी दुरुस्तीही पुरेशी ठरेल. लोकांनी दिलेले मत निदान बारा महिने तरी दिले तिथे राहील.

नियम बदलायला सर्वांत योग्य वेळ असते ती कोणती निवडणूक डोक्यावर नसताना. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये होऊन गेल्या, महापालिकांच्या जानेवारी २०२६ मध्ये. पुढच्या फेरीला अवधी आहे. अंबरनाथ, बदलापूर आणि राज्यातल्या इतर नगरपरिषदांत पहिली दोन-तीन वर्षे हा थेट नगराध्यक्ष सभागृहाशी कसा वागतो, सभा किती वेळा तहकूब होतात, अर्थसंकल्प वेळेवर मंजूर होतो का, याच्या नोंदी ठेवल्या तर २०२८ च्या सुमाराला विधिमंडळापुढे वापरातल्या नियमाची खरी माहिती असेल. त्या वेळी नगराध्यक्ष थेट ठेवायचा की सभागृहातून हे ठरवावे. आणि जे ठरेल ते निदान पुढच्या दोन निवडणुका बदलता येणार नाही, असेही त्याच कायद्यात लिहावे.